मोचक आणि रोधक : एका अंतःक्षेप्य संप्रेरकाची इतिहासकथा

औषधांच्या नावांना अर्थ असतो असे सामान्य रुग्ण सहसा मानीत नाही. त्याच्या दृष्टीने ते नाव म्हणजे चिठ्ठीवर खरडलेली, औषधविक्रेत्यालाच वाचता येणारी अक्षरे होत. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटना औषधांना जी आंतरराष्ट्रीय नावे देते त्यांची घडण बरीच नियमबद्ध असते. नावाच्या अखेरीस येणारा प्रत्यय औषधाचे कुल सांगतो. ल्युप्रोरेलिन, गोसेरेलिन, बुसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही नावे एकापुढे एक ठेवली तर ‘-रेलिन’ हा समान अंश कानाला लगेच जाणवतो. पोष ग्रंथीतील संप्रेरक मोकळे करण्यास उत्तेजन देणारे पेप्टाइड, असा त्या प्रत्ययाचा अर्थ आहे. परंतु अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाने ग्रस्त असलेल्या वृद्धाला ल्युप्रोरेलिनची सुई टोचली जाते ती नेमक्या उलट हेतूने. तेथे पोष ग्रंथीकडून येणारा स्राव थांबवावयाचा असतो. नाव ‘मोकळे कर’ असे म्हणते आणि वापर ‘अडवून धर’ या कामासाठी होतो. हा विरोध नाव ठेवणाऱ्यांच्या चुकीतून आलेला नाही. त्यामागे सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानी घेतल्याखेरीज हे औषध असे का वापरतात हेही नीट उमगत नाही.

प्रारंभ ‘हॉर्मोन’ या शब्दापासूनच करावा लागतो. लंडन येथे १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी आतड्यातून रक्तात उतरणारे आणि स्वादुपिंडाला चालना देणारे ‘सिक्रेटिन’ हे द्रव्य शोधून काढले. शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागाला निरोप धाडावयाचा तर तो मज्जातंतूंच्या द्वारेच, ही तोपर्यंतची समजूत त्यामुळे डळमळली. अशा निरोप्या द्रव्यांना एक सामान्य नाव हवे होते. ते स्टार्लिंगने १९०५ सालच्या आपल्या क्रूनियन व्याख्यानांत प्रथम योजिले. ‘गतिमान करणे, उद्युक्त करणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ते बनविले होते. मराठीत रूढ झालेला ‘संप्रेरक’ हा शब्द याच कल्पनेचा निर्दोष अनुवाद आहे. ‘ईर्’ म्हणजे हलविणे; त्याला ‘प्र’ आणि ‘सम्’ हे उपसर्ग लागून तो सिद्ध झाला. पारिभाषिक शब्द बनविताना ग्रीक व्युत्पत्तीशी इतकी जुळणारी संस्कृत व्युत्पत्ती क्वचितच हाती लागते. तथापि या नेमकेपणातच एक अडचण दडलेली आहे. संप्रेरक म्हणजे प्रेरणा देणारे, असे एकदा ठरल्यावर तेच द्रव्य प्रेरणा काढूनही घेऊ शकेल, ही गोष्ट मनात सहजी येत नाही. ती शास्त्रज्ञांच्याही मनात फार उशिरा आली.

मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पोष ग्रंथी असते. वृषणे, अंडाशय, अवटू ग्रंथी इत्यादींवर तिचा अंमल चालतो, म्हणून एके काळी तिला सर्व ग्रंथींची स्वामिनी म्हणत. पण या स्वामिनीला आज्ञा कोण देते? तिच्या लगत वर असलेल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाकडे सर्वांचे लक्ष होते. मात्र तेथून पोष ग्रंथीच्या पुढील खंडात जाणारे मज्जातंतू पुरेसे दिसत नव्हते. दिसत होते ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक जाळे. पोपा आणि फील्डिंग यांनी १९३० मध्ये त्याचे वर्णन केले. पण त्यांतील रक्त खालून वर, म्हणजे ग्रंथीकडून मेंदूकडे जाते, असा त्यांचा समज झाला. विस्लॉकी आणि किंग यांनी १९३६ मध्ये प्रवाहाची दिशा उलटी असल्याचे सुचविले. एवढ्याशा वाहिन्यांतील रक्त वर चढते की खाली उतरते, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर पुढील सारे शास्त्र अवलंबून होते. रक्त वरून खाली येत असेल तर मेंदू त्यात काही मिसळून ग्रंथीला निरोप देऊ शकतो. नसेल तर नाही.

इंग्लंडमधील जेफ्री हॅरिस याने हा पक्ष उचलून धरला. डोरा जेकबसन हिच्यासह त्याने केलेले प्रयोग १९५२ साली प्रसिद्ध झाले. उंदरांची पोष ग्रंथी काढून ती मेंदूखाली अन्यत्र बसविली तर ती निकामी होते आणि हायपोथॅलॅमसच्या वाहिन्या जेथे पुन्हा पोचतात तेथे बसविली तर कामास लागते, असे त्यांत दिसून आले. सॉली झुकरमन यांच्यासारख्या वजनदार विद्वानाने फेरेट नावाच्या प्राण्यावरील स्वतःच्या प्रयोगांच्या आधारे या मताला कडवा विरोध केला. हॅरिस डगमगला नाही. १९५५ साली त्याचा या विषयावरील ग्रंथ बाहेर पडला. पण सिद्धांत कितीही सुसंगत असला तरी ते द्रव्य कोणी पाहिलेले नव्हते. निरोप पोचतो हे कळले होते. निरोपाची अक्षरे कळली नव्हती.

ती वाचण्याचे काम दोघांनी केले, आणि ते एकमेकांशी जन्माचे वैर धरून केले. दीझाँ येथे १९२४ साली जन्मलेला रॉजे गिलमँ आणि विल्नो येथे १९२६ साली जन्मलेला अँड्रू शॅली हे दोघेही युरोपातून आधी कॅनडात आणि तेथून अमेरिकेत आले. १९५७ पासून पाच वर्षे ते ह्यूस्टनच्या बेलर विद्यापीठात एकत्र होते. मग १९६२ साली शॅली न्यू ऑर्लिन्स येथील युद्धनिवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात गेला आणि स्पर्धेला तोंड फुटले. मेंदूतील ते द्रव्य इतके अल्प असते की ते मिळविण्यासाठी कत्तलखान्यांचीच मदत घ्यावी लागे. गिलमँने मेंढ्यांचे मेंदू निवडले, शॅलीने डुकरांचे. ऑस्कर मायर या मांसव्यापारी कंपनीने शॅलीला डुकरांचे हायपोथॅलॅमस लाखांच्या संख्येने पुरविले. गिलमँच्या प्रयोगशाळेत काही वर्षांत पन्नास लाखांवर तुकडे आले, म्हणजे सुमारे ५०० टन मेंदू हाताळले गेले. त्यांतील तीन लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून अवटू ग्रंथीला अप्रत्यक्षपणे चालना देणाऱ्या मोचक द्रव्याचा शुद्ध अंश निघाला तो अवघा एक मिलिग्रॅम. १९६९ साली त्याची रचना उलगडली तेव्हा ते केवळ तीन अमिनो आम्लांचे असल्याचे दिसले. इतक्या मोठ्या ढिगाऱ्यातून एवढी चिमुकली वस्तू निघावी, याचे त्या काळी पुष्कळांना हसू आले असेल. पण पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेचा धीर सुटत चाललेला असताना त्या चिमुकल्या वस्तूनेच संशोधन वाचविले.

या स्पर्धेत भाषेचाही एक झगडा होता, आणि भाषाभ्यासकाने तो वगळून पुढे जाऊ नये. गिलमँ या द्रव्यांना ‘फॅक्टर’ म्हणजे ‘घटक’ म्हणे, तर शॅली त्यांना ‘हॉर्मोन’ म्हणजे ‘संप्रेरक’ म्हणे. त्यामुळे एकाच द्रव्याला एका गटाच्या लेखांत एल-आर-एफ आणि दुसऱ्याच्या लेखांत एल-एच-आर-एच अशी नावे दिसतात. हा केवळ हट्ट नव्हता. ‘घटक’ म्हणणे म्हणजे परिणाम दिसतो, वस्तूविषयी अधिक बोलावयाचे नाही, अशी सावध भूमिका घेणे. ‘संप्रेरक’ म्हणणे म्हणजे शरीर स्वतःच हे द्रव्य या कार्यासाठी निर्माण करते, असा दावा करणे. शिवाय कोणता लेखक कोणती संज्ञा वापरतो यावरून तो कोणाच्या गोटात आहे हे ओळखता येई. पुढे हेच द्रव्य पोष ग्रंथीतील पीतपिंडकारी आणि पुटकोद्दीपक अशी दोन्ही संप्रेरके मोकळी करते हे मान्य झाले आणि दोन्ही गटांच्या संज्ञा मागे सारून ‘गोनॅडोट्रॉपिन मोचक संप्रेरक’ म्हणजे जी-एन-आर-एच ही तिसरीच संज्ञा स्थिरावली. ब्रूनो लातूर आणि स्टीव्ह वूलगर यांनी गिलमँच्या साल्क संस्थेतील प्रयोगशाळेचे निरीक्षण करून १९७९ मध्ये एक ग्रंथ लिहिला. वैज्ञानिक वस्तुस्थिती कागदावरील लिखाणातून कशी घडत जाते याची चर्चा त्यात आहे. तीही याच द्रव्यांच्या संशोधनाला धरून केलेली असावी, हा योगायोग नव्हे. जेथे वस्तू डोळ्यांना दिसतच नाही तेथे नाव, आलेख आणि आकडे हीच वस्तूची जागा घेतात.

जननग्रंथींना चालना देणाऱ्या या मोचकाची रचना १९७१ साली शॅलीच्या गटाने प्रथम जाहीर केली. दीड लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंतून मिळालेल्या एक मिलिग्रॅमहूनही कमी द्रव्यावर हिसायुकी मात्सुओ, योशिहिको बाबा आणि अकिरा अरिमुरा या जपानी सहकाऱ्यांनी हे काम केले. दहा अमिनो आम्लांची ती साखळी होती. मेंढीतील द्रव्याचीही रचना तीच असल्याचे गिलमँच्या गटाने दाखविले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हॅरिस निवर्तला. १९७७ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग गिलमँ आणि शॅली यांना विभागून मिळाला. उरलेला अर्धा रोझॅलिन यालो हिला मिळाला, कारण तिने सिद्ध केलेल्या मापनपद्धतीखेरीज रक्तातील ही संप्रेरके मोजताच आली नसती.

रचना कळल्यावर अपेक्षा साहजिकच ‘मोकळे करणे’ या अर्थालाच धरून होती. मूल न होणाऱ्या दांपत्यांना या द्रव्याचा उपयोग होईल, असे वाटले. अडचण एवढीच, की नैसर्गिक संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच मोडून जाते. तेव्हा अधिक टिकणारे आणि अधिक प्रभावी प्रतिरूप बनविण्याची खटपट सुरू झाली. साखळीतील सहावे आम्ल ग्लायसिन हे मोडण्याचे मर्मस्थान आहे; तेथे उलट्या घडणीचे, म्हणजे आरशातील प्रतिबिंबासारखे आम्ल बसविले की विघटक विकर तेथे हतबल होतात. ओसाकाच्या ताकेदा कंपनीतील मासाहिको फुजिनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सहाव्या स्थानी उलट्या घडणीचे ल्यूसिन बसविले, शेवटचे ग्लायसिन काढून तेथे एथिलअमाइड जोडले, आणि नऊ आम्लांचे ल्युप्रोरेलिन तयार झाले. अमेरिकेत त्यालाच ल्युप्रोलाइड म्हणतात. नैसर्गिक संप्रेरकाहून ते अनेक पटींनी प्रबळ ठरले. अधिक प्रबळ मोचक म्हणजे अधिक मोचन, असे गणित होते. परंतु प्राण्यांना ते रोज देत राहिले असता जननग्रंथी फुलण्याऐवजी सुकू लागल्या.

या कोड्याचे उत्तर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. प्रयोग ऱ्हीसस माकडांवर झाले. आपल्याकडे उत्तर भारतात सर्वत्र आढळणारे लाल तोंडाचे माकड ते हेच. एके काळी ते भारतातून फार मोठ्या संख्येने परदेशी प्रयोगशाळांत जात असे, आणि ही निर्यात भारत सरकारने १९७८ साली बंद केली. नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या हायपोथॅलॅमसमधील मोचक निर्माण करणारे केंद्र नष्ट केले आणि मग तेच द्रव्य बाहेरून दिले. ताशी एकदा, सहा मिनिटे दिले असता पोष ग्रंथी पूर्ववत् चालू लागली. तेच द्रव्य अखंड संततधारेने दिले असता ग्रंथी मूक झाली. पुन्हा ताशी एकदा देऊ लागताच ती पुन्हा बोलू लागली. १९७८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला हा निबंध या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानावयास हवा. दहा आम्लांचा क्रम उलगडण्याहूनही महत्त्वाचा. कारण निरोप त्या आम्लांत नसून दोन निरोपांमधील अवकाशात आहे, हे त्याने दाखविले. लिपीत विरामचिन्हे नसली तरी वाचता येते, पण बोलण्यात विराम नसला तर काहीच कळत नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला परिचित आहे. अखंड हाक मारणाऱ्याकडे कोणी वळून पाहात नाही. पोष ग्रंथीच्या पेशींवरील ग्राहके सततच्या हाकेने प्रथम उत्तेजित होतात, मग आत ओढली जातात आणि पेशी बहिरी होते.

म्हणजे दीर्घकाळ टिकणारे प्रबळ मोचक हेच रोधक होय. उलट खरोखर मोकळे करावयाचे असेल तर ते थांबून थांबून दिले पाहिजे. ज्यांच्या शरीरात मोचक जन्मतःच तयार होत नाही अशा पुरुषांत नैसर्गिक संप्रेरक लहान पंपाने दर दोन तासांनी देऊन विल्यम क्राउली आणि त्याच्या सहकाऱ्याने १९८२ साली यौवनारंभ घडवून आणला. त्याच क्राउलीच्या गटाने आदल्या वर्षी, अतिशय लहान वयात ऋतुप्राप्तीची लक्षणे दिसू लागलेल्या मुलींना दीर्घटिकाऊ प्रतिरूप रोज टोचून ती लक्षणे थांबविली होती. एकाच द्रव्याच्या कुळाने एकीकडे यौवन आणले, दुसरीकडे ते लांबविले. फरक होता तो लयीचा.

अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाकडे ही वाट कशी वळली हे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागते. ‘अष्ठीला’ म्हणजे गोलसर दगड. सुश्रुतसंहितेत मूत्रावरोधाच्या प्रकारांत ‘वाताष्ठीला’ येते, आणि तेथूनच आधुनिक परिभाषाकारांनी हा शब्द या ग्रंथीसाठी घेतला. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स याने १९४१ साली दाखविले की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. वृषणे काढली किंवा स्त्रीसंप्रेरकासारखे औषध दिले तर तो मागे हटतो. त्याला १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चाळीस वर्षे रुग्णापुढे दोनच मार्ग होते. एक शस्त्रक्रिया, दुसरा डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्या, ज्यांनी स्तन वाढत आणि रक्ताच्या गुठळ्या व हृदयविकार यांचा धोका उद्भवे. ग्रंथीला बहिरी करणाऱ्या प्रतिरूपांनी तिसरा मार्ग उघडला. माँट्रिअलचा जॉर्ज टोलिस आणि शॅली यांनी १९८२ साली पहिले रुग्ण वर्णिले. १९८४ च्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत ल्युप्रोलाइड हे गोळ्यांइतकेच गुणकारी आणि पुष्कळ कमी त्रासाचे ठरले. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आरंभी ही सुई रोज घ्यावी लागे. १९८९ पासून अमेरिकेत महिन्यातून एकदा घेण्याचा प्रकार आला. त्यात औषध विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म गोलकांत कोंडलेले असते. भुकटी द्रवात कालवून ती स्नायूत टोचली की गोलक हळूहळू झिजत जातात आणि औषध संथपणे झिरपत राहते. पुढे तीन आणि सहा महिन्यांचेही प्रकार निघाले. गोसेरेलिनची तांदळाच्या दाण्यासारखी छोटी कांडी पोटाच्या कातडीखाली जाड सुईने सोडतात. जेथे अखंडपणाच औषधी आहे तेथे सुईची तारीख चुकविणे योग्य नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे लागते. आणखी एक गोष्ट वैद्य विसरत नाही. पहिले एक-दोन आठवडे हे औषध आपल्या नावाला जागते. पेशी बहिरी होण्यापूर्वी हाक ऐकते आणि पुरुषी संप्रेरक उसळते. हाडांत, विशेषतः कण्यात, रोग पसरलेला असेल तर एवढ्या उसळीने मज्जारज्जू दाबला जाण्याचा धोका असतो. म्हणून काही दिवस दुसऱ्या विरोधी औषधाच्या गोळ्या जोडीला देतात. मग तीन-चार आठवड्यांत संप्रेरकाची पातळी वृषणे काढल्यावर होते तितकी खाली येते.

स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचे ऊतक भलतीकडे वाढून होणाऱ्या वेदनामय विकारात, तसेच शरीरबाह्य गर्भधारणेत बीज अकाली सुटू नये म्हणूनही हीच औषधे वापरतात; दुसरा उपयोग लंडनच्या वैद्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. स्त्रीसंप्रेरक ओसरले की हाडे विरळ होऊ लागतात, म्हणून वेदनाविकारात एकट्या औषधाची मुदत साधारणतः सहा महिन्यांची धरतात आणि पुढे न्यावयाचे तर अल्प प्रमाणात संप्रेरक परत जोडतात. पुरुषांतही अंगाची लाही होणे, कामेच्छा मावळणे, हाडे ठिसूळ होणे हे परिणाम होतात. मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका काहीसा वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली दिला.

या उपचाराला वैद्यकात ‘रासायनिक वृषणच्छेद’ असेही म्हणतात, आणि येथे प्रश्न पुन्हा शब्दांचा होतो. मराठीत या क्रियेसाठी बोलीत असलेला शब्द बैलाचा आहे. बैल खच्ची करतात. तेथूनच ‘खच्चीकरण’ हा शब्द निघाला आणि माणसाचा धीर खचविणे या अर्थाने तो वृत्तपत्रांत सर्रास वापरला जातो. साहजिकच वैद्य हा शब्द टाळतो आणि ‘गाठ वाढविणारा रस बंद करण्याची सुई’ असे काही सांगतो. हे सांगणे खोटे नाही. पण पुरते खरेही नाही. शस्त्रक्रिया एकदाच होते व तिचा खर्चही एकदाच येतो. सुई वर्षानुवर्षे विकत घ्यावी लागते. भारतात केवळ खर्चापायी शस्त्रक्रिया पत्करणारे रुग्ण पुष्कळ आहेत. परिणाम दोहोंचा एकच आहे, सुईचा बहुधा परतविता येतो आणि शस्त्रक्रियेचा येत नाही, हे त्या वृद्धाला त्याच्या भाषेत कळले तरच त्याची निवड ही निवड ठरते. सौम्य शब्दामागे किंमत दडू शकते, याचे अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. तेथे या औषधाचा व्यापार करणाऱ्या टॅप या कंपनीने डॉक्टरांना फुकट नमुने देऊन त्यांचे बिल सरकारी विम्याकडून वसूल करण्यास उत्तेजन दिल्याच्या प्रकरणी २००१ साली ८७ कोटी ५० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली.

ग्राहकाला हाक न मारता नुसतेच त्याचे दार अडवून बसणारी द्रव्ये बनविणे रसायनज्ञांना फार अवघड गेले. आरंभीच्या प्रतिरोधकांनी टोचलेल्या जागी गांधी उठत. ती अडचण ओलांडून सेट्रोरेलिक्स, गॅनिरेलिक्स ही औषधे विसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगासाठी डेगारेलिक्सला २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांत आरंभीची उसळी नाही. त्यांचा प्रत्यय ‘-रेलिक्स’ असा आहे. येथे मात्र नाव आणि काम यांत विरोध उरलेला नाही. २०२० साली मान्यता मिळालेले रेलुगोलिक्स पेप्टाइडच नाही. ते पोटात घेण्याची गोळी आहे, म्हणून त्याला ‘-गोलिक्स’ हा निराळा प्रत्यय मिळाला. गिलमँ आणि शॅली हे दोघेही २०२४ साली, एक फेब्रुवारीत आणि दुसरा ऑक्टोबरात, वारले. ‘-रेलिन’ ची सुई अजून दवाखान्यादवाखान्यांत टोचली जाते, आणि पहिला पंधरवडा आपल्या नावाप्रमाणे वागून मग ती उलट वागू लागते.